दोन दारांपलीकडचा प्रिंटर

मी कॉलेजात मुलांना कॉम्प्युटर शिकवते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात मला सगळ्यात जास्त लाज याच गोष्टीची वाटते. एखाद्या अडाण्याच्या हातून झालं असतं तर म्हणता आलं असतं, जाऊ द्या, त्याला काय कळतं. मला कळत होतं. निदान मी तसं धरून चालले होते, आणि आमच्या घरात माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला काही कळत नाही, हेही धरून चालले होते.

आई-बाबा अकोल्याला राहायचे, मी अमरावतीला. बाबांची सगळी नोकरी तहसील कचेरीत टायपिस्ट म्हणून गेली. काही वर्षं बार्शीटाकळीला, काही अचलपूरला, शेवटची अकोल्यात, पण आमचं बिऱ्हाड कायम अकोल्यातच. निवृत्त झाल्यावरही ते अकोल्यातल्या त्याच भाड्याच्या घरात राहिले, जिथे मी लहानाची मोठी झाले. घरमालक वरच्या मजल्यावर राहत. त्यांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं, ते आता त्यांच्या पुतण्यांकडे आहे. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो, ते बाबांना बाबू म्हणायचे. रोज संध्याकाळी चाचा खाली येणार, बाबांच्या पलंगाजवळच्या खुर्चीत बसणार आणि दोघं मिळून सगळ्या गावाला नावं ठेवणार, हा वर्षानुवर्षांचा रिवाज.

मग बाबांना लकवा मारला. उजवा हात गेला आणि जीभ गेली. डॉक्टर म्हणाले, शब्द डोक्यात शाबूत आहेत, फक्त जीभ ते उचलत नाही. समजायचं सगळं, ऐकू यायचं सगळं, राग तर पहिल्यापेक्षा जास्त यायचा. डाव्या हाताने पेन धरून लिहायला बसले की कागदावर नुसत्या रेघोट्या उमटत, मग ते पेन फेकून देत. पण डाव्या हाताचं एक बोट कळफलकावर बरोबर पडायचं. जन्मभराची सवय होती ती, लकव्यालाही नेता आली नाही.

ते पाहून मी एक शक्कल लढवली. पुढच्या खोलीत बाबांच्या पलंगाशेजारी माझा जुना कॉम्प्युटर मांडला. वाय-फायचा राउटर तिथेच खिडकीत बसवला. आणि प्रिंटर ठेवला मागे स्वयंपाकघरात, ओट्याच्या शेजारच्या फडताळावर. आमचं घर म्हणजे एका ओळीत तीन खोल्या. पुढची, मधली आणि स्वयंपाकघर. बाबा पुढे टाइप करतील, कागद मागे आईच्या हातात निघेल. तिला मोबाइलवर वाचता येत नाही. "त्या उजेडानं माह्या डोयाले पाणी येते," म्हणते. शिवाय तिचा अख्खा दिवस स्वयंपाकघरात जातो. वायर न ओढता दोन दारांपलीकडे कागद निघाला तेव्हा चाचासुद्धा खुर्चीतून उठून पाहायला आले होते. मी त्या दिवशी फार मिरवलं.

बाबांचे कागद बघण्यासारखे असायचे. कचेरीत जन्म गेलेला माणूस, साधं बोलणं त्यांना टाइप करता येतच नव्हतं. वर मध्यभागी 'विषय : चहा मिळणेबाबत'. खाली, 'उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, सकाळपासून चहा एकच वेळा झालेला आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.' प्रिंटर कुरकुरला की आई पदराला हात पुसायची, चष्मा लावायची, वाचायची आणि तिथूनच ओरडून उत्तर द्यायची, "आत्ताच त पेले नं तुमी!" उत्तर मिळालं की बाबा तो मजकूर पुसून टाकत आणि पुढचा टाइप करायला घेत. जपून म्हणून काही ठेवायचे नाहीत. मी किती वेळा सांगितलं, बाबा, सेव्ह करत जा. ते डावा हात झटकायचे. त्यांच्या लेखी मशीनमधून कागद निघाला की काम संपलं. मागच्या कोऱ्या बाजूवर आई किराण्याची यादी करायची. पावसाळ्यापासून असं त्यांचं बोलणं सात-आठ महिने सुरळीत चाललं. खरं सांगते, लकव्याआधी ते एकमेकांशी इतकं बोलत असतील असं मला वाटत नाही.

होळी झाली आणि आईचा फोन आला. "तुह्या त्या मशीनीले काय झालं वं? कागद येतच नाई. अन् आला त एकच कागद पाच-पाच खेपा येते."

पाच-पाच का, ते मला लगेच कळलं. कागदाला उशीर होतोय म्हणून आई काही बोलत नाही, म्हणून बाबा पुन्हा बटण दाबतात, पुन्हा दाबतात. माझे विद्यार्थीही हेच करतात. मी त्या रविवारी मूर्तिजापूरमार्गे एसटीने अकोला गाठलं आणि कामाला लागले. राउटर बंद करून चालू केला. प्रिंटर बंद करून चालू केला. छपाई हलक्या शाईवर आणली. ड्रायव्हर काढून नवा टाकला. एक कागद यायला तरीही चार-पाच मिनिटं लागत, कधी येतच नसे. पुढच्या रविवारी परत गेले, तोच खेळ. शेवटी निदान केलं की कॉम्प्युटर म्हातारा झालाय, आणि बाबांना दम दिला. "बाबा, एकदाच दाबत जा नं. दहादा दाबल्यानं ते काही पळत येत नाई." बाबांनी मान खाली घातली. त्या माणसाने मान खाली घातलेली मी त्याआधी पाहिली नव्हती, आणि तेव्हाही पाहून न पाहिल्यासारखं केलं.

आई मात्र एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती. "अवं, सांजच्याले कूलरमंदी पाणी भराले मी तो सरकवतो, तवा कागद बराबर येते."

होळीनंतर आमच्याकडे कूलर माळ्यावरून उतरतो. पत्र्याचा, माझ्या छातीइतका उंच, खाली चाकं लावलेला. तो पुढच्या आणि मधल्या खोलीमधल्या दारात बसवायचा, तोंड बाबांच्या खोलीकडे. मधल्या खोलीच्या खिडकीतून हवा ओढतो आणि पुढे फेकतो. अकोल्याच्या उन्हात त्याच्याशिवाय माणूस जगत नाही. जायला-यायला बाजूची बोळ होतीच.

मी आईला हसले. "कूलरचा अन् प्रिंटरचा काय संबंध हाय आई? तू भाजीतलं मीठ पाय, हे मी पायतो." हे असं बोलले मी. शब्द न् शब्द आठवतो.

याच दिवसांत माझ्या मनात दुसरं एक चाललं होतं. त्या दोघांना अमरावतीला घेऊन यायचं. माझ्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी होती. आईचे गुडघे गेलेले, बाबांना धरून न्हाणीत न्यायला तिला जमेना, रात्री-अपरात्री काही झालं तर कोण? हे सगळं खरं होतं. आणि दर रविवारी एसटीत उभं राहून माझे पाय दुखत होते, हेही खरं होतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, "हे म्हणतीन ते." इतकंच. बाबांना शनिवारी संध्याकाळी सगळं समजावून सांगितलं आणि म्हटलं, सकाळी निवांत लिहून द्या, तुमी म्हणान तसं करू.

रविवारी सकाळी आठपासून बाबा कॉम्प्युटरपुढे होते. मी आणि आई स्वयंपाकघरात. कूलरच्या घरघरीतूनही मधून मधून कळांची टकटक ऐकू यायची. थांबायची, बराच वेळ काही नाही, पुन्हा सुरू व्हायची. प्रिंटर गप्प. आई भाकरी थापता थापता दोनदा त्याच्याकडे बघून आली.

"जाऊन पायतो का त्याईले?" ती म्हणाली.

"राहू दे. विचार करून राहिले असतीन. मधात गेलं की चिडते," मी म्हटलं.

बारा वाजता मी बाबांचं ताट घेऊन गेले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे, जणू ताटाशिवाय आणखी काही आणलंय का. मग बोटाने स्वयंपाकघराकडे दाखवलं. मी म्हटलं, "आई जेवून राहिली, येईन." ते अर्धी भाकरी खाऊन भिंतीकडे तोंड करून पडले आणि त्यांना झोप लागली.

मग मी त्यांच्या खुर्चीत बसले. छपाईची रांग उघडली. सात कामं अडकलेली. सातही कामांचं नाव एकच, कारण बाबा सगळं त्याच एका फाइलमध्ये टाइप करायचे. मला काय वाटलं असेल ते सांगायला नको. कपाळावर हात मारला. सांगून सांगून थकले, तरी एकच कागद सात वेळा दाबला! सगळी रांग निवडली आणि पुसून टाकली. स्क्रीनवरचं पान कोरंच होतं. त्याचा अर्थ मला तेव्हा लावता आला असता. मी लावला नाही. मला प्रिंटर जिंकायचा होता.

रांग पुसून चाचणीचा कागद पाठवला. तो निघेना. त्या दिवशी उन्हाने कूलर दुपारीच आटला, तेवढ्यात आई बादली घेऊन आली आणि तिने पाणी भरण्यासाठी कूलर दारातून ओढून बाजूला केला. मागे प्रिंटर कुरकुरला, आणि कागद बाहेर.

मी खुर्चीतच बसून राहिले. घराच्या भिंती जुन्या, हात-हात जाडीच्या. राउटरचा सिग्नल त्यांच्यातून जातच नव्हता, तो दोन दारांमधून सरळ मागे जात होता. आणि होळीपासून आम्ही त्या दारात पत्र्याची, पाण्याने भरलेली पेटी बसवली होती. पत्रा आणि पाणी सिग्नल अडवतात, हे मी दर वर्षी वर्गात फळ्यावर लिहिते.

"मी काय सांगून राहिली व्हती?" आई म्हणाली. मी तिची माफी मागितली नाही. कूलर खिडकीकडे लावला, दार मोकळं केलं, आणखी दोन कागद पाठवून पाहिले. सटासट निघाले. मला चक्क आनंद झाला. मी आईला म्हटलं, बाबांनी एकच कागद सात खेपा दाबला होता, तो मी काढून टाकला, आता उठले की पुन्हा लिहितील. आई ज्वारी निवडत बसली.

चारच्या सुमारास बाबा उठले. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि म्हटलं, "बाबा, प्रिंटर काही बिघडला नाई. मंग काय ठरलं? आई थांबून हाय."

बाबांनी मोकळ्या दारातून मागे पाहिलं. आता कूलर नव्हता, सरळ स्वयंपाकघरापर्यंत दिसत होतं. आई पाठमोरी बसली होती. सुपात ज्वारी पाखडत होती. तिला कल्पना नव्हती की ते बघताहेत, तिने वळून पाहिलं नाही. बाबा बराच वेळ बघत राहिले. मग त्यांचं बोट हललं. कागद दहा सेकंदांत आईकडे पोचला. त्यावर दोनच शब्द होते, 'ठीक आहे.'

आईने कागद उलटून मागे पाहिलं. "एवढंच?"

"एवढंच."

"विषय नाई लिवला." तिने तो कागद परत सुलटा केला. "सात खेपा हेच लिवलं व्हतं का त्याईनं? बरं. ते म्हणते त जाऊ."

पंधरा दिवसांत सामान हललं. ट्रक दारात उभा असताना चाचा खाली आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाबूनं खुद लिखा?"

"हो चाचा, खुद लिहिलं."

"मले नाई वाटत बेटा. पर लिखा है तो लिखा है." आणि बाबांचा डावा हात हातात घेऊन बसून राहिले. ट्रकवाला दोनदा हॉर्न वाजवून गेला.

अमरावतीत मी शहाणपणा केला. कॉम्प्युटर आणि प्रिंटर एकाच टेबलावर ठेवले, मध्ये वायर. आई समोरच बसायची. कागद पाच सेकंदांत. पण बाबांनी लिहिणं सोडलं. 'पाणी.' 'पंखा.' याहून जास्त नाही. विषय नाही, कार्यवाही नाही. मी आधी प्रिंटर तपासला. स्वभाव. मग डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं, या वयात जागा बदलली की होतं असं, दम धरा. आई मला एकटीला गाठून म्हणायची, "हे माह्याशी बोलतच नाई वं. काही चुकलं का माहं?" मी तिला डॉक्टरांचं वाक्य ऐकवायचे.

दोन महिन्यांनी चाचांचा फोन आला. घर त्यांनी तसंच रिकामं ठेवलं होतं. "बाबू वापस आते क्या, इतना पूछ के बता दे बेटा. एक फॅमिली मागून राहिली." मी दोघांना विचारलंच नाही. कशाला उगीच जखमेवरची खपली काढा, असं स्वतःला सांगितलं. चाचांना म्हटलं, देऊन टाका. आई-बाबांना यातलं काही कळू दिलं नाही.

त्यानंतर असेल तीनेक आठवड्यांनी. सुट्टीची दुपार होती. आई झोपलेली. बाबा कॉम्प्युटरपुढे नुसते बसलेले. माझा संयम सुटला. मी म्हटलं, "बाबा, काहून लिहीत नाई तुमी? आई झुरून राहिली. तिच्यासाठी तरी लिहा. तुमाले राग कशाचा आला ते तरी सांगा."

त्यांनी कळफलक जवळ ओढला. मग टाइप करायला लागले. एक बोट, एक एक अक्षर. अर्धा तास लागला. कागद माझ्याच हातात आला.

'अकोला येथून एक पत्र व त्यानंतर सहा स्मरणपत्रे दिली. शेवटच्या स्मरणपत्रात स्पष्ट नमूद केले होते की, उत्तर न आल्यास आपले काही म्हणणे नाही असे गृहीत धरण्यात येईल. उत्तर आले नाही. सबब होकार दिला.'

सात. एक आणि सहा. मी तो कागद पुन्हा वाचला. त्या सकाळी हा माणूस चार तास बसून आपल्या बायकोला विचारत होता. टाइप करायचं, पाठवायचं, उत्तराची वाट बघायची, पुसायचं, पुन्हा टाइप करायचं. कचेरीत उत्तर आलं नाही की स्मरणपत्र जातं, आणि शेवटच्याही पत्राला उत्तर नसलं की समोरच्याला काही म्हणायचं नाही असं धरतात. त्यांनी तसंच धरलं. त्यांना वाटलं, तिला जायचंय आणि तोंडावर सांगायला जड जातंय. आणि ती दोन दारांपलीकडे प्रिंटरकडे बघत थांबली होती.

मी बाबांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. कूलरचं सांगितलं. रांग पुसली ते सांगितलं. तुमचा एकही कागद तिला मिळाला नाही, सातही मीच पुसले, न वाचता. रडत होते की ओरडत होते ते मला आठवत नाही, पण आई जागी होऊन दारात आली. "काय झालं? काय पुसलं वं तू?"

बाबांनी तिला हाताने बस म्हटलं आणि पुन्हा टाइप करायला घेतलं. ऊन खिडकीवरून सरकून जमिनीवर आलं. कागद निघाला तो मी आईला दिला. तिने चष्मा लावला आणि मोठ्याने वाचला.

'विषय : अमरावतीस जाण्याबाबत आपली इच्छा कळविणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, मला हे घर सोडावयाचे नाही. तथापि आपले गुडघे दुखतात व मुलगी जवळ असावी असे आपणास वाटत असल्यास मी येण्यास तयार आहे. तरी आपणास जावयाचे आहे किंवा कसे, ते कळवावे.'

वाचून झाल्यावर आईने कागद मांडीवर ठेवला. मग ती बाबांकडे वळली. "मले कुठं यायचं व्हतं? मी त तुमी हो म्हटलं म्हणून आली."

बाबांच्या घशातून एक आवाज निघाला. हसणं होतं की काय, मला सांगता येत नाही. त्यांनी घाईघाईने बोट चालवलं, एवढ्या घाईने मी त्यांना लकव्यानंतर कधीच पाहिलं नव्हतं. पाच सेकंदांत कागद बाहेर आला. आईने तो उचलला, वाचला, आणि महिनोन्‌महिन्यांनी तिचा चेहरा उजळला.

'तर मग परत जाऊ.'

"हो, जाऊ नं," ती म्हणाली. मग दोघांनी एकदमच माझ्याकडे पाहिलं, चाचांना फोन लाव म्हणून.